चाक फिरत नव्हतं, मामू

गेल्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी कशेळीच्या पुलाखाली आमची बोट खांबाला घासली. माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या कपाळाला दोन टाके पडले. बोटीच्या डाव्या अंगावर हातभर ओरखडा उठला. आणि काठावर आल्यावर माझ्या भाच्याच्या गालावर त्याच्या बापाचा हात पडला. पहिल्या दोन गोष्टी पंधरा दिवसांत भरून निघाल्या. तिसरीबद्दल लिहायचं आहे, कारण ती चपराक दुल्हाभाईंच्या हाताची असली, तरी तिचं कारण मी पुरवलं होतं.

भिवंडीत बोट म्हटलं की लोक हसतात. या गावाची ओळख लूमची आणि आता गोदामांची. पण भिवंडी पाण्याकाठचं गाव आहे. कामवारी नदी गावाला लागून जाते, ती आज नदी म्हणायच्या लायकीची उरलेली नसली तरी. दक्षिणेला आणि पश्चिमेला उल्हास नदी आणि वसईची खाडी आहे. २०१६च्या कायद्याने उल्हासला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरवलं आहे. आमच्या कोकणी मुसलमान घरांत मागच्या दोन-तीन पिढ्यांतला कोणी ना कोणी जहाजावर होताच. ‘नाखवा’ हा शब्द फारसी ‘नाखुदा’वरून आला आणि ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून. कोळीवाड्यात हे शब्द कोणी परके मानत नाही. पाण्यावर ज्याचा उपयोग होतो ते आपलं, इतका साधा हिशेब आहे.

दुल्हाभाईंचे लूम आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी सोळा फुटांची जुनी फायबर बोट घेतली, मागे चाळीस अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन. धंदा वगैरे काही नाही, रविवारची हौस. पावसाळ्यात ती लूमच्या शेडशेजारी ट्रेलरवर ताडपत्रीखाली झाकलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास काल्हेरच्या खाडीत उतरते.

त्या दिवशी बोटीत आम्ही चौघं होतो. दुल्हाभाई, मी, माझी मुलगी आणि भाचा. जाताना चाक माझ्या हाती होतं. भरतीवर स्वार होऊन कशेळीचा पूल ओलांडला आणि पारसिकचा डोंगर समोर दिसेपर्यंत गेलो. चाक जरा जड लागत होतं. मी म्हटलं, नवीन ग्रीस भरलंय, बसेल हळूहळू. तिथून डावीकडे लांब वळसा घेऊन बोट फिरवली आणि चाक भाच्याच्या हाती दिलं. तो अठरा पूर्ण झालेला, बारावी पास. मर्चंट नेव्हीतल्या जीपी रेटिंगच्या सहा महिन्यांच्या कोर्सला जायचं त्याच्या डोक्यात होतं. फॉर्म घरी आणून ठेवलेला होता.

ओहोटी लागली होती. कशेळीला आता एकच पूल नाही. जुना, नवा, वर मेट्रोचा. पाणी खांबांमधून जोर धरून जातं. आम्ही दोन खांबांच्या मधल्या वाटेच्या थोडे डावीकडे होतो. उजवीकडे घ्यायला हवं होतं. मी ओरडलो, “उजवीकडे घे!” बोट सरळच चालली. मी पुन्हा ओरडलो. भाचा चाकावर अक्षरशः वाकला होता. खांब अंगावर आला तेव्हा मी किल स्विचची लाल दोरी खेचली. इंजिन बंद पडलं, पण ओहोटी कुठे बंद पडते? डावी बाजू करकरत घासत गेली आणि मुलगी बाकावरून पुढे आपटली. पुढे वल्ह्याने कशीबशी बोट खांबांपासून दूर ठेवली. काल्हेरच्या एका मासेमाऱ्याने दोर टाकून आम्हाला काठाला आणलं.

काठावर दुल्हाभाईंनी विचारलं, “झालं काय?” मुलीच्या कपाळावर रुमाल दाबून धरलेला मी म्हणालो, “काय होणार? हा घाबरला. उजवी म्हटलं तर चाक धरून बसला.”

“चाक फिरत नव्हतं, मामू,” भाचा म्हणाला. “डावीकडे येत होतं. उजवीकडे येतच नव्हतं.”

“जाताना मी चालवलं ना? मला बरं फिरलं!”

एवढ्यावर दुल्हाभाईंचा हात उठला. मग ते म्हणाले, “सोळा फुटांचं चाक सांभाळता येत नाही, आणि जहाजावर निघालाय.” फॉर्मवर सही होणार नाही हे त्याच संध्याकाळी घरात जाहीर झालं. आपा काही बोलली नाही. माझ्या मुलीचे टाके समोर होते. त्यांच्यापुढे ती आपल्या मुलाची बाजू कशी घेणार?

मी तो आठवडा आपण बरोबर होतो या समजुतीत काढला. पण भाच्याचं वाक्य कानातून जात नव्हतं. घाबरलेला माणूस ‘चाक अडकलं’ म्हणेल, ‘ब्रेक लागला नाही’ म्हणतो तसं. ‘डावीकडे येत होतं, उजवीकडे येत नव्हतं’ एवढं नेमकं तो का सांगेल?

दुल्हाभाईंना बोट विकायची होती. विकायच्या आधी निदान चाक तरी बघून घ्या, असं मी म्हटलं. बोटीचा मेकॅनिक बोलवायचा तर मुंबईहून. म्हणून त्यांनी आपल्या लूमवरच्या जॉबर चाचांना हाक मारली. चाचा मूळचे आझमगडकडचे, चाळीसेक वर्षं भिवंडीत. बोटीत कधी पाय ठेवलेला नाही. जुम्म्याची नमाज झाल्यावर ते पाने घेऊन आले, बोटीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, “हे कसं चालतं ते आधी मला शिकवा.”

त्यांना शिकवताना मलाच पहिल्यांदा नीट कळलं. चाकाच्या मागे एक दातेरी गिअरची डबी असते, तिला हेल्म म्हणतात. चाक फिरलं की ती डबी एका जाड केबलला ढकलते किंवा ओढते. ही केबल बोटीच्या कडेने मागे इंजिनापर्यंत जाते. इंजिन ज्या आडव्या नळीवर वर-खाली झुकतं, त्याच नळीत केबल डाव्या बाजूने शिरते. केबलच्या टोकाचा स्टेनलेस स्टीलचा दांडा त्या नळीतून उजव्या बाजूला बाहेर येतो, आणि तिथून एक छोटा जोडदांडा इंजिनाच्या हाताला बांधलेला असतो. दांडा बाहेर सरकला की बोट डावीकडे वळते, आत सरकला की उजवीकडे. छोट्या बोटीला वेगळं सुकाणू नसतं. अख्खं इंजिनच वळतं, तेच सुकाणू.

चाचांनी सगळं ऐकलं. मी लगेच माझा तर्क सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. “पहले जोड खोलो, बाद में बोलो.”

लूमवर ते हेच करतात. धोटा उडाला, कापड खराब झालं, की शेठ आधी कारीगराकडे बघतो. कारीगराची मजुरी मीटरवर, त्यामुळे चूक त्याच्या नावावर चढली की पैसेही त्याचेच जातात. चाचा आधी पट्टा उतरवतात, लूम हाताने फिरवतात आणि कुठे अडतं ते बघतात. कारीगराला एकच प्रश्न विचारतात, “उडायच्या आधी आवाज कसा होता?” त्याचं उत्तर ते कधी उडवून लावत नाहीत. ते म्हणतात, मशीनजवळ दहा तास उभा असलेला माणूस चुकीचं कारण सांगेल, पण आवाज चुकीचा सांगणार नाही.

त्यांनी भाच्याला बोलावून घेतलं. तो आला, माझ्याकडे न बघता उभा राहिला. “बेटा, चाक कैसा था?” त्याने तेच सांगितलं. डावीकडे सहज, उजवीकडे थोडं फिरून मग भिंत लागल्यासारखं. जोर लावला तर किंचित दबून परत येत होतं. “दबून परत येत होतं” हे शब्द चाचांनी दोनदा म्हणवून घेतले.

मग पहिला जोड सोडला. इंजिनाच्या हाताला असलेल्या जोडदांड्याचा बोल्ट काढला. आता इंजिन चाकापासून सुटं होतं. चाचांनी ते हाताने ढकललं. दोन्ही बाजूंना दाराच्या झडपेसारखं हललं. म्हणजे इंजिन ज्या खुंटीवर वळतं, ती निर्दोष. ती जर जड असती तर तिच्या निपलमधून ताजं ग्रीस भरत इंजिन इकडून तिकडे हलवत राहायचं, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. आमच्याकडे त्याची गरज नव्हती.

इंजिन सुटं असतानाच चाक फिरवलं. डावीकडे आलं. उजवीकडे थोडं आलं आणि थांबलं. चाचांनी मला फिरवायला सांगितलं. मी जोर लावला. किंचित दबलं आणि परत आलं. शेडमध्ये लूमचा खडखडाट चालू होता, तरी मला वाटलं की सगळं एकदम शांत झालंय. भाचा तिथेच उभा होता. मला त्याच्याकडे बघायला जमेना.

आता तीन आरोपी उरले, हेल्म, केबल आणि नळी. नळीच्या डाव्या टोकाला केबल धरून ठेवणारा मोठा नट असतो. तो सैल करताच कडेने निळसर ग्रीस जाड वातीसारखं बाहेर येऊ लागलं, आतून कोणी ढकलत असावं तसं. केबल बाहेर ओढून घेतली आणि पुन्हा चाक फिरवलं. दोन्हीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखं फिरलं. “दो छूट गये,” चाचा म्हणाले. हेल्म निर्दोष, केबल निर्दोष. नळीत टॉर्च मारला. आत जुन्या, वाळून दगड झालेल्या ग्रीसचं कडं होतं आणि बाकी जागा ताज्या निळ्या ग्रीसने ठासून भरलेली.

“ये नया ग्रीस किसने भरा?”

मी भरलं होतं. सप्टेंबरच्या शेवटी, ताडपत्री काढल्यावर. बोटीची उजवी बाजू शेडच्या भिंतीला लागून होती. पंखा भिंतीला घासू नये म्हणून इंजिन पूर्ण वळवून ठेवलेलं होतं, म्हणजे दांडा पूर्ण बाहेर. त्याच अवस्थेत मी नळीच्या निपलला ग्रीस गन लावली आणि आता आत जातच नाही असं होईपर्यंत दाबत राहिलो. जितकं जास्त तितकं चांगलं, ही माझी समजूत. दांडा बाहेर असताना नळीत मोकळी जागा असते. ती मी ग्रीसने भरून टाकली. पुढे दांडा आत येऊ लागला तेव्हा त्या ग्रीसला जायला वाट नव्हती, एका टोकाला नट आणि वाटेत जुन्या ग्रीसचं कडं. बंद नळीत दाबलेलं ग्रीस लोखंडाइतकंच घट्ट उभं राहतं. दांडा मध्यापर्यंत आला, त्यापुढे नाही. म्हणून डावीकडे सगळं ठीक आणि उजवीकडे भिंत. जाताना मला चाक जड लागलं होतं ते यामुळेच. मी वळसा डावीकडे घेतला, म्हणून माझं भागलं. उजवीकडे वळायची वेळ भाच्यावर आली.

आउटबोर्डच्या पुस्तिकांमध्ये हा धोका स्पष्ट छापलेला असतो. नळीत ग्रीस भरण्याआधी चाक फिरवून दांडा पूर्ण आत घ्यायचा, मगच गन लावायची. एका ओळीची गोष्ट. मी ती वाचली नव्हती.

दुरुस्ती दोन तासांची निघाली. नळी दोन्ही बाजूंनी बाटली धुवायच्या ब्रशने आणि रॉकेलने साफ केली. दांड्यावरचा गंज बारीक पॉलिश पेपरने उतरवला. खड्डे पडले असते तर केबल बदलावी लागली असती, कारण ही केबल उघडून दुरुस्त करायची वस्तू नाही. आत पाणी शिरून ती जड झाली, की तेवढ्याच लांबीची नवी घालायची. आमची वाचली. दांड्याला हाताने पातळ ग्रीस लावून तो आत घेतला, नट बसवला. जोडदांड्याला जुना लॉक नट परत लावला नाही, नवा आणला. त्याच्या आतलं नायलॉन एकदा वापरलं की पकड सोडतं, आणि तो नट समुद्रात गळून पडला तर चाक नुसतंच गरगर फिरत राहतं.

त्या दिवसापासून काही गोष्टी मी पाठ केल्या आहेत. कोणाची छोटी बोट असेल तर उपयोगी पडाव्यात. चाक जड असेल तर आम्ही केलं तसं एकेक जोड सोडत जायचं. इंजिन सुटं करून हलकं वाटलं तर दोष त्याच्यापुढे, चाकाच्या बाजूला. चाक सैल असेल, बरंच फिरवल्यावर इंजिन हलत असेल, तर जोडांचे बोल्ट, झिजलेली केबल किंवा हेल्मचे दाते तपासायचे. चाक ठीक पण बोट सतत एका बाजूला ओढते, असं असेल तर इंजिनाखाली पंख्याच्या वर असलेली छोटी पट्टी बघायची. बोट ज्या बाजूला ओढते, पट्टीचं मागचं टोक त्याच बाजूला थोडं वळवायचं. मोठ्या इंजिनांना केबलऐवजी तेलावर चालणारं स्टिअरिंग असतं. तिथे चाक स्पंजासारखं लागलं, जास्त फेरे घ्यायला लागलं, तर तेल कमी झालंय किंवा आत हवा शिरली आहे. आधी गळती शोधायची, मग तेल भरून हवा काढायची. आणि पावसाळ्यात बोट उभी असताना दांडा आत ठेवायचा, आठवड्यातून एकदा चाक दोन्हीकडे पूर्ण फिरवायचं. उघडा राहिलेला दांडा खारा वारा खातो.

यातलं काहीच अवघड नाही. अवघड होतं ते नंतरचं. चाचा हात धुवायला गेले. मी दुल्हाभाईंना शेडमध्ये जाऊन सांगितलं, “ग्रीस मी भरलं होतं. पोराने सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं.” लूमच्या आवाजात त्यांना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. मला तेच वाक्य ओरडून पुन्हा सांगावं लागलं. आजूबाजूच्या चार कारीगरांनी माना वळवल्या. बरंच झालं. काठावर आरोपही मी असाच ओरडून केला होता.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी तरी त्याला कुठे विचारलं?”

गेल्या वर्षीच्या आधीच्या डिसेंबरात, १८ डिसेंबर २०२४ला, इंजिनाची चाचणी चालू असताना नियंत्रण सुटलेली नौदलाची बोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर आदळली आणि पंधरा जणांचा जीव गेला, तेव्हा आमच्या घरातही जेवताना हीच चर्चा झाली होती. व्हिडिओ बघून तासाभरात आम्ही सगळ्यांनी निकाल देऊन टाकला होता. चालवणारा नजरेला दिसतो. नळीतलं ग्रीस दिसत नाही. म्हणून आपण दिसणाऱ्याला धरतो. चौकशी म्हणजे न दिसणाऱ्यापर्यंत जाण्याचा कंटाळा न करणं.

भाच्याची चूक अजिबातच नव्हती असं नाही. चाक अडलं तेव्हा त्याने आधी थ्रॉटल मागे घ्यायला हवं होतं. वेग गेला की वेळ मिळतो, वल्हं आणि नांगर हाताशी येतात. पण ते त्याला कोणी शिकवलं होतं? आम्ही त्याला चाक कसं धरायचं ते शिकवलं. चाक चालेनासं झालं तर काय करायचं ते आम्हालाच कधी सुचलं नव्हतं.

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “ठीक आहे, मामू.” त्या ‘ठीक आहे’मध्ये पूर्वीची मोकळीक नव्हती, आणि ती लगेच यावी असा हट्ट मी धरणं योग्यही नाही. फॉर्मवर सही झाली. बोट विकली गेली नाही.

पुढच्या वेळी काल्हेरला बोट उतरवली तेव्हा दोर सोडायच्या आधी भाचा मागे इंजिनापाशी जाऊन बसला आणि मला चाकावर बसवलं. “डावी पूर्ण,” तो म्हणाला. मी फिरवलं. “उजवी पूर्ण.” फिरवलं. “परत एकदा उजवी.”

“फिरतंय ना?” मी विचारलं.

“तुम्ही फिरवा, मामू. फिरतंय की नाही ते इथून मी सांगतो.”